तात्यांचा दोरा आणि पावणेचार फेरे

तात्यांची आणि माझी पहिली भेट माझ्या फुशारकीपायी झाली. मी तेव्हा तिशीत होतो आणि चिरेखाणीवर फोर बाय फोर ट्रक चालवत होतो. पुढच्या चाकांना मी जरा मोठे टायर चढवले होते. गाडी रुबाबदार दिसे, पण चढावर कण्हत असे. भाट्याच्या रस्त्याला शांताराम जाधव मिस्त्रींचं, म्हणजे तात्यांचं, गॅरेज आहे, तिथे दाखव, असं कोणीतरी सुचवलं. तात्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. आधी पुढच्या चाकाचा, मग मागच्या चाकाचा एकेक फेरा त्यांनी जमिनीवर खडूने आखला आणि दोन रेघांतला फरक हाताने मोजून दाखवला. चार बोटं होता.

"चाक बसला म्हणजे जुळला असा नाय," ते म्हणाले. "चारी चाकांनी सारखाच चालायला हवा. नायतर ती आपसात भांडतात आणि मोडतो तो मधला."

मधला म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स. मी टायर बदलले आणि दोन महिन्यांत ड्रायव्हरकी सोडून तात्यांच्या हाताखाली रुजू झालो.

त्यांच्या गॅरेजात एक नियम होता. दुसऱ्या गाडीचा जुना अ‍ॅक्सल बसवला की गाडी फेरे मोजल्याशिवाय बाहेर जायची नाही. एक चाक जॅकवर उचलायचं, एकाने ते बरोबर दोनदा फिरवायचं आणि दुसऱ्याने गाडीखाली पडून मधला शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजून मोठ्याने सांगायचं. पुढचा आकडा आणि मागचा आकडा एक आला पाहिजे. हे काम एकट्याने करायचं नाही, यावर तात्यांचा कटाक्ष असे. इतर गॅरेजवाले या सोपस्काराला हसत. तात्या त्यांना चहा पाजत आणि आपलं मोजत बसत.

तात्यांच्या चांगुलपणाबद्दल त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या अंकात पुष्कळांनी लिहिलं असेल. तात्यांच्या घरून काकींनी माझ्यासाठी रोज वेगळा डबा पाठवला, माझ्या आईच्या आजारपणात तात्या आठवडाभर आमच्या घरी मुक्कामाला होते, हे मीही लिहू शकतो. पण मला एक वेगळी गोष्ट लिहायची आहे. ती लिहिली नाही तर माझा इथला बाकीचा मजकूर खोटा ठरेल.

एका खाणमालकाच्या ट्रकला आम्ही दुसऱ्या गाडीचा जुना मागचा अ‍ॅक्सल बसवला. नट जुळले, चाकं सुरेख बसली. पुढचे फेरे मोजले, पावणेचार भरले. मागचं मोजताना तात्या चाक फिरवत होते आणि मी खाली पडलो होतो. नाटे गावी माझ्या बहिणीचा साखरपुडा होता, एसटी गाठायची होती, आणि माझं लक्ष मोजता मोजता उडालं. परत फिरवा म्हणायला जीभ रेटेना. मी खालून ओरडलो, "पावणेचार."

प्रत्यक्षात ते सव्वाचार होते. साध्या रस्त्यावर चारी चाकांची ताकद लावत नाहीत, म्हणून तिथे काही कळलं नाही. खाणीच्या चढावर भरल्या गाडीला चारी चाकं जोडली आणि मधला गिअरबॉक्स फुटला. गाडी मागे घसरली ती चिऱ्यांच्या थप्पीला टेकून थांबली. कोणाला खरचटलंही नाही, ही त्या ड्रायव्हरची पुण्याई. मालक गॅरेजात आले आणि फेरे कोणी मोजले म्हणून विचारू लागले. मी पाना पुसत उभा होतो. तात्या म्हणाले, "मी मोजले."

त्या दिवसापासून खाणीच्या गाड्या तात्यांकडे यायच्या बंद झाल्या. मोजून मोजून मिस्त्री चुकला, असं म्हणत बाजारात लोक हसू लागले. मीही फार टिकलो नाही. चिपळूणला स्वतःचं गॅरेज टाकलं. निघताना तात्यांनी मला स्वतःचा पान्यांचा संच दिला. तो घेताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढे काकी गेल्या. तात्यांची मुलगी मुंबईला असते, त्यांना रोज फोन करते. मी सणासुदीला जात असे, पण दारातूनच परतायची घाई करत असे. खोटं बोललेल्या माणसाला आपल्याच गुरूच्या घरी परकं वाटतं, हे मी इतकी वर्षं अनुभवलं आहे.

गेल्या महिन्यात या अंकासाठी फोटो आणायला गेलो. गॅरेजात एकच गाडी होती, तात्यांसारखीच जुनी. तात्यांनी शाफ्टला दोरा बांधला होता. ते चाक दोनदा फिरवत, मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकत आणि शाफ्टवर दोऱ्याचे किती वेढे पडले ते मोजत. पंच्याहत्तराव्या वर्षी. मी विचारलं, माणूस का ठेवत नाही?

"दोरा बरोबर मोजतो रे," तात्या म्हणाले. "फक्त हाक देत नाय."

मग मला राहवलं नाही. तिथेच, गाडीजवळ उकिडवं बसून मी सगळं सांगितलं. तात्या शांतपणे दोरा सोडवत राहिले. म्हणाले, "ठाऊक हाय. गाडी परत आली तेव्हा मी अ‍ॅक्सलच्या गिअरचे दात मोजले होते."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो, सुरेश."

म्हणून हे छापून यावं, अशी संपादकांना माझी विनंती आहे. तो आकडा तात्यांचा नव्हता, माझा होता. ज्या खाणमालकांनी, चालकांनी आणि मिस्त्रींनी तात्यांकडे पाठ फिरवली, त्यांनी हे वाचावं आणि एकदा त्या गॅरेजात जाऊन चहा प्यावा. तात्या अजूनही चहा पाजतात.

तात्यांना उदंड आयुष्य लाभो. गुडघे धड राहोत, नजर अशीच साफ राहो. आणि तात्या, दर सोमवारी माझं गॅरेज बंद असतं. पहिल्या एसटीने मी येत जाईन. चाक तुम्ही फिरवा, खाली मी पडतो. लक्ष उडालं तर परत फिरवा म्हणेन, आणि जो आकडा येईल तोच ओरडून सांगेन.