सतरा आऱ्यांचा झेंडा

१९४८ च्या उन्हाळ्याच्या शेवटी आमची अर्धी प्लाटून पैनगंगेच्या एका उतारावर, जिथून नदी पायी ओलांडता येते अशा जागी, तैनात झाली. अठरा जवान, दोन ब्रेनगन, एक वायरलेस सेट. तो काठ आज वाशीम जिल्ह्यात आहे, तेव्हा जिल्हा अकोला होता. मी हवालदार होतो. माझं गाव किन्हीराजा. बर्मातून जिवंत परतल्यावर घराच्या इतक्या जवळ पोस्टिंग मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

अलीकडचा काठ भारताचा होता, पलीकडचा संस्थानचा. संस्थान अजून भारतात सामील झालं नव्हतं. तिकडे घरात तिरंगा सापडला तर माणसाला उचलून नेत. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत. आम्हाला हुकूम स्पष्ट होता. उतारावर नजर ठेवायची, नदीचा मध्य ओलांडायचा नाही, गोळी आपल्या काठावर आली तरच जवाब द्यायचा.

आमचे कमांडर जमादार शंकरराव घाडगे साताऱ्याकडचे. कमी बोलायचे. पोस्टवर पोचताच त्यांनी तंबूंच्या आधी झेंड्याची काठी रोवून घेतली. झेंड्याचे कायदे पुढे छापून आले. तेव्हा आमच्यापाशी हेडक्वार्टरचं टाइप केलेलं एक पान होतं आणि जमादारसाहेबांना ते पाठ होतं. सूर्योदयाला चढवायचा तो झपाट्यानं, सूर्यास्ताला उतरवायचा तो सावकाश. मातीला लागू द्यायचा नाही. फाटका लावायचा नाही. एकदा वाऱ्यानं कोपरा उसवला तर त्यांनी नवा झेंडा मागवला आणि जुना बाजूला नेऊन, सावधान उभं राहून, स्वतः अग्नीत दिला.

लान्स नायक गोबरा राठोड मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरचा. तो मला म्हणाला होता की कापडासाठी इतकं कायले करायचं. जमादारसाहेबांनी ते ऐकलं. शिक्षा दिली नाही. महिनाभर झेंडा चढवायची ड्यूटी त्यालाच लावली. आठवडा झाला नाही तोच राठोड दोरीला हात लावण्याआधी हात धुऊ लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढं माझ्या लक्षात आलं की रोज सकाळी पलीकडच्या काठावर पाच-सहा माणसं येऊन उभी राहतात. पाणी भरायचं निमित्त करून येत. झेंडा वर गेला की हात जोडत आणि परत जात. त्यांत गळ्यात टेप टाकलेला एक माणूस असे. जुलैच्या अखेरीस, पाणी कमी असताना, तो उतार ओलांडून आमच्याकडे आला. नाव नामदेव. पलीकडच्या गावातला शिंपी. वय चाळिशीचं. त्याला झेंड्याचं माप घ्यायचं होतं.

जमादारसाहेबांनी त्याला बजावलं की तिकडे हे कापड सापडलं तर जीव जाईल.

नामदेव म्हणाला, "लोकं लपून पाह्यतात साहेब, दुरून. मी शिवणारा माणूस. गावात एक तरी बरोबर शिवलेला पाह्यजे. वेळ आली की लावू."

संध्याकाळी झेंडा उतरवल्यावर खाटेवर धुतलेली चादर अंथरून त्याला माप घेऊ दिलं. त्याची समजूत होती की मधे चरखा असतो. आता चक्र आहे, ते दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे, आरे चोवीस, हे जमादारसाहेबांनी त्याला दाखवलं. त्यानं बोट न लावता, सुईच्या टोकानं दाखवत दाखवत ते मोजले. कापड हातकताईच्या खादीचंच लागतं हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. तिकडे खादी मिळत नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी रेशनच्या लॉरीबरोबर वाशीमला गेलो. तिन्ही रंगांची खादी आणि निळं सूत मीच आणलं आणि नामदेव पुन्हा आला तेव्हा त्याच्या हाती दिलं. मला कोणी हुकूम दिला नव्हता. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

१५ ऑगस्ट, स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस. सकाळी झेंडा चढला. पलीकडे त्या दिवशी एकही माणूस नव्हता. नदी चढत होती, पाणी छातीला लागेल एवढं होतं. अकराच्या सुमारास गावाच्या बाजूनं दोन गोळ्यांचे आवाज आले. मग बायामाणसं पळसाच्या झाडीत पळताना दिसली.

अकरा वीसला नामदेव काठावर आला. मागं शंभर पावलांवर सात-आठ बंदूकवाले. तो पाण्यात उतरला. एका हातानं पाणी कापत होता, दुसरा हात वर होता. त्या हातात गुंडाळी होती. ती सोडून दिली असती तर दोन्ही हात मोकळे झाले असते.

तो मध्याच्या थोडा पलीकडे, त्यांच्या बाजूला होता तेव्हा त्याला गोळी लागली. हात तरीही वरच राहिला.

राठोडनं रायफल माझ्या हातात दिली आणि उडी घेतली. मी हाक मारली नाही. पुढच्या गोळ्या आमच्या काठावरच्या दगडांवर आपटल्या.

"पोस्टवर फायर आलंय," जमादारसाहेब शांतपणे म्हणाले. "ब्रेन वन, डोक्यावरून, दोन बर्स्ट."

टोळी झाडीत पांगली. राठोडनं मध्य ओलांडून नामदेवला ओढत आणलं. जखम पाठीत, खोल होती. आमच्याकडे फील्ड ड्रेसिंगपलीकडे काही नव्हतं. वाशीमच्या दवाखान्यासाठी लॉरी काढायला सांगितली, पण चिखलाचा रस्ता दोन-अडीच तासांचा होता. नामदेवनं गुंडाळी जमादारसाहेबांच्या हातात दिली.

"सात आरे राह्यले, साहेब," एवढंच तो म्हणाला. लॉरी सुरू व्हायच्या आधी त्यानं प्राण सोडला.

दुपारी त्याची बायको गंगाबाई आणि गावातली काही माणसं वरच्या अंगानं डोंग्यातून आली. आमच्याच काठावर दहन करायचं ठरलं. गंगाबाई रडली नाही. तिनं विचारलं, "त्यायनंच शिवला हाये. त्यायच्या अंगावर घालता येईन का?"

जमादारसाहेबांनी सेटवर हेडक्वार्टर गाठलं. मी शेजारी उभा होतो. उत्तर आलं, "सिव्हिलियनला मंजुरी नाही. रिपीट, मंजुरी नाही. ओव्हर."

"रॉजर. आउट."

ते खाली बसले. गुंडाळी मांडीवर उलगडली. चक्रातले आरे एक एक करून मोजले, दोन वेळा.

"सतरा," ते म्हणाले. "चोवीस पाहिजेत. नियमानं हा झेंडा नाही हवालदार, खादीचं कापड आहे. कापड कुणावर घालायचं, त्याला मंजुरी लागत नाही."

मग त्यांनी ते नामदेवच्या अंगावर घातलं. केशरी पट्टी डोक्याकडे, जशी सैनिकाच्या अंगावर असते तशी. चारही कोपरे मातीपासून वर राहतील असे आम्ही चौघांनी धरले. चिता पेटवण्याआधी काढून घेतलं, कारण झेंडा चितेत जात नाही. घडी घालून दोन्ही हातांनी गंगाबाईला दिलं. जमादारसाहेबांनी सॅल्यूट केला. राठोडनं केला. मीही केला. कापडाला असं कोणी करत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला समजत होतं.

राठोडनं मध्य ओलांडला होता. त्याचा रिपोर्ट जमादारसाहेबांनी स्वतः लिहिला. राठोडला हुकूम आपणच दिला होता असं त्यात लिहिलं. खोटं लिहिलेलं त्यांचं ते एकच वाक्य मला ठाऊक आहे. त्याबद्दल त्यांना ठपका मिळाला. तो त्यांनी वाचला आणि सही करून परत पाठवला.

सप्टेंबरात फौजा पलीकडे गेल्या आणि संस्थान भारतात आलं. जमादारसाहेबांची बदली काश्मीरला झाली. त्याच हिवाळ्यात, बर्फातल्या पहाऱ्याच्या एका पिकेटवर, ते धारातीर्थी पडले. बातमी मला पत्रानं कळली. राठोड पेन्शनीत निघाला, तांड्यावर शेती केली, म्हातारा होऊन गेला.

जमादार घाडग्यांचं नाव त्यांच्या गावातल्या दगडावर कोरलं आहे. मी जाऊन पाहिलं. नामदेव शिंप्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही. तो कुठल्या पलटणीत नव्हता, त्याला नंबर नव्हता. पण पंधरा ऑगस्टला किन्हीराजाच्या शाळेपुढं मला उभं करतात, तेव्हा मी माझ्याबरोबरच्या पडलेल्यांची नावं मनात घेतो. बर्मातले सहा, मग जमादारसाहेब, मग नामदेव. त्याच्या नावाशी मी थोडा जास्त थांबतो. खादी मी आणून दिली होती.