सुकायला ठेवलेला शेंडा

ज्या महाडात पावसाळाभर कपडे वाळत नाहीत, तिथे मी सक्युलंट वाढवते. ती बारकी, गुबगुबीत पानांची झाडं. त्यातही माझा जीव पांढऱ्या पट्ट्यांच्या झाडांवर. आमच्या आळीत त्यांना रोग लागलेली झाडं म्हणतात. आळीतल्यांच्या लेखी झाड म्हणजे जास्वंद, नाहीतर अळू. समजावणं मी केव्हाच सोडलं.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर माझं सगळ्यात देखणं झाड बुडातून कुजलं. खोड दाबलं तर बोट आत गेलं. वरचा बोटभर शेंडा तेवढा चांगला होता, अर्धा हिरवा, अर्धा सायीच्या रंगाचा. या झाडाचं नुसतं पान लावलं तर साधं हिरवं पिल्लू निघतं, हे मी करून पाहिलं होतं. म्हणजे तो शेंडा गेला की झाडच गेलं. मी तो ब्लेडने कापला आणि फ्रिजवर वर्तमानपत्र पसरून ठेवला. काप नीट सुकेपर्यंत अशा तुकड्याला माती दाखवायची नसते, पाणी तर नाहीच नाही.

गौरीला पोलादपूरच्या वरच्या वाडीतून थोरल्या नणंदबाई आल्या. मागून आणलेलं झाड लागत नाही, गुपचूप उचललेलंच जोमानं धरतं, अशी आमच्याकडे समजूत आहे. चोरीचं इतकं सोयीचं शास्त्र मी दुसरं पाहिलं नाही. दुसऱ्याच्या कुंडीत हात घालतात आणि वर तोंडावर पुण्य केल्याचा भाव. जेवणं झाली, नणंदबाई गेल्या आणि फ्रिजवर नुसता कागद उरला. नवरा म्हणाला, "एवढ्याशा काडीसाठी तोंड पाडून बसलीस?" त्याला झाडांतली फक्त कोथिंबीर कळते. मी संध्याकाळी नणंदबाईंना फोन लावला.

"वन्सं, फ्रिजवरचा शेंडा तुम्ही नेलात का?"

"नेला गो. सुकत पडला व्हता. घरी आल्या आल्या लावला. शेणखत घातलं, पाणी भरपूर दिलंय."

भाताचं रोप उपटलं की लगेच चिखलात रोवायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. पण जगातलं प्रत्येक रोप म्हणजे भात, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा, पुसा, कोरडा ठेवा.

"लावलेलं उपटायचं नाय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला रडू आलं, आणि अशा माणसांपायी रडू यावं याचा जास्तच राग आला.

दसऱ्याला त्या सोनं द्यायला आल्या. शेंड्याचं पाणी झालं, हे त्यांनीच सांगितलं, भाजी जरा खारट झाली असं सांगावं तसं. वर म्हणाल्या, दुसरा असला तर दे. चोरून लागला नाही, म्हणून आता मागत होत्या.

"तो एकच होता," मी म्हटलं. "विचारायचंत तरी."

"इचारलं असतं तर दिला असतास गो?"

"नसता दिला, वन्सं," मी म्हणाले. "आणि आज तो जिवंत असता."