मोठ्याने वाच ना

दादाचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या बबीना गावात, दुकानाच्या गल्ल्यावर होतो. "तुझी वहिनी वाचता वाचता थांबली रे," एवढंच तो म्हणाला. मी हसत म्हणालो, "पुढच्या पानावर पळाल्या असतील, टोक त्यांना." माझं ते हसू आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

पण वहिनींची खोडच होती ती. काचबिंदूने दादाची नजर गेल्यापासून शहरातल्या, खंडेराव गेट भागातल्या घरात दुपारी त्या त्याला वाचून दाखवत. प्रसंग रंगला की आवाज बंद आणि डोळे पुढे. दादा शहाण्यासारखा वाट बघायचा, मग म्हणायचा, "अगं, मोठ्याने वाच ना." त्या म्हणायच्या, "थांबा हो जी, आधी मला बघू द्या, हा वाचतो की जातो!"

त्या मूळच्या आमच्याच हिंदीभाषक शहरातल्या, दतिया गेट भागातल्या, माहेरची बोली बुंदेली. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठीचा गंध नव्हता. पण लिपी तीच, म्हणून सासूबाईंच्या कपाटातली एक कादंबरी उघडून बसल्या. नायकाला सक्तमजुरीची शिक्षा झाली, तिथे अडल्या. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मला बोलावून म्हणाल्या, "काय लल्ला, लरका पढ़बे गओ, तो मताई काय रो रई?" मुलगा शिकायला गेला तर आई का रडते... प्रश्न रास्त होता. तेव्हापासून आमच्या घरात कुणालाही शिक्षा झाली की तो 'शाळेत गेला'. पुढे त्यांनी अख्खं कपाट संपवलं, आणि आमचंच मराठी अडलं की आम्ही त्यांना विचारू लागलो. आम्ही जन्माने मराठी, त्या वाचून. त्यामुळे बोलायच्याही छापील. भाजीवाल्याशी बुंदेलीत घासाघीस करून आत येत आणि मला विचारत, "भावजी, आमटीस मीठ किंचित उणे आहे काय?"

शोकसभेत आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष शाल सावरत म्हणाले, "वहिनींनी मराठी जपण्याची आजन्म चेष्टा केली." त्यांना हिंदीतली चेष्टा, म्हणजे प्रयत्न, अभिप्रेत होती. सभेने गंभीरपणे माना हलवल्या. हे ऐकून खो खो हसली असती अशी एकच व्यक्ती तिथे होती, आणि तिच्या फोटोला हार घातलेला होता.

दादा मात्र एकाच ठिकाणी अडकलाय. "मी रोजच्यासारखा वाट बघत बसलो रे. दोनदा म्हणालोसुद्धा, मोठ्याने वाच ना... किती वेळ बसलो असेन?" डॉक्टर म्हणाले, क्षणात गेल्या. पण तो क्षण कुठला, हे दादाला कळलंच नाही. त्याला फक्त शांतता ऐकू आली, आणि ती ओळखीची होती.

बरेच दिवस त्याने पुस्तकाचं नाव काढलं नाही. मग एका रविवारी म्हणाला, "पुढे काय झालं ते तरी कळू दे." त्यांनी वाचलेलं शेवटचं अर्धं वाक्य त्याला पाठ होतं. ते शोधून मी उरलेलं अर्धं वाचलं. आता दर रविवारी जातो, वहिनींच्या खुर्चीत बसतो. कितीही रंगलं तरी डोळे पुढे जाऊ देत नाही. पण पान उलटायला थांबावंच लागतं. तेवढ्यात दादाचा हात चाचपडत येतो आणि माझं मनगट धरतो.

मी पुढचा शब्द मोठ्याने वाचतो. मग हात सुटतो.