पट्ट्यातला बाप्पा

गणेश चतुर्थीची सकाळ, २००५. गाडीत हजर: शेजारी, त्याची दोन वर्षांची मुलगी, मी आणि बाप्पा.

शेजारी नव्या वस्तूचं प्लास्टिक कधी काढत नाही. मुलीसाठी पुण्याहून आणलेल्या बेबी सीटचंही काढलेलं नव्हतं. जुन्नरहून मूर्ती घेऊन घरी निघताना त्याने त्या सीटमध्ये बाप्पाला बसवून पट्टा आवळला आणि मुलगी माझ्या मांडीवर दिली.

"भाऊ, ब्रेक लागला तर?"

"म्हणून तर पट्टा लावलाय, ताई. बाप्पाला धक्का नको."

"आणि हिला?"

तो कान खाजवत उतरला. मग त्याने दोघांची अदलाबदल केली. "आता बाप्पा तुमच्याकडं. सोडायचं नाय."

आणे घाटात म्हैस आडवी आली, त्याने करकचून ब्रेक दाबला. मुलगी जागची हलली नाही. माझ्या हातातली मूर्ती मात्र पुढे आपटली.

पूजेला तासभर उरलाय. उंदराचा कान चिकटवायचा राहिलाय.