मास्तरांचं शाही पेय

कोपऱ्यावरचे टेलर मास्तर दरवर्षी सणाच्या सुट्टीत सगळ्या गोतावळ्याला घरी बोलवत आणि स्वतःच्या हातचं गरम पेय पाजत. त्यात सफरचंदाचा रस, आलं, मूठभर लवंगा आणि वर मास्तरांचं भाषण. ते त्याला शाही पेय म्हणत. पाहुणे जिना उतरताना काढा म्हणत. पण तोंडावर नाही म्हणायची कोणाची बिशाद! सगळे "वा, वा!" करत मुकाट्याने पेला रिकामा करायचे. गिऱ्हाइकाला ट्रायलशिवाय कपडा न देणारा हा माणूस स्वतः मात्र त्यातलं कधी घोटभरही घेत नसे. म्हणे, "मला पित्त होतं ना!"

यंदा धाकट्या मेव्हणीने हट्टच धरला. "भावजी, आधी तुम्ही घ्या, मग आम्ही."

मास्तरांनी ऐटीत मोठा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, कान लालबुंद झाले. घोट कसाबसा घशाखाली ढकलून ते बायकोवर कडाडले, "माझ्या पेयाची ही वाट कोणी लावली?"

वा-वा करणारे सगळे आपापल्या पेल्यात बघू लागले.

"तुम्हीच की," बायको म्हणाली, "दरवर्षी."