चार नावांची एकच साडी

आत्ताच ऑफिसातून आले, अजून डोकं सुन्न आहे.

मी सुरतेत साड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे काम करते. आज कोटेशनच्या सॉफ्टवेअरमधला कॅटलॉग नीट लावत होते. साडी एकच, फोटो एकच, पण नावं चार! आधीच्या माणसाचा गोंधळ समजून मी तीन उडवली.

तासाभरात नागपूरच्या दुकानदाराचा फोन. "आमची केतकी कुठे गेली?"

शेठ धावतच आले. "अरे बेन, आ शुं कर्युं? प्रत्येक गावाला वेगळं नाव! 'फक्त तुमच्याकडेच' सांगूनच माल जातो आपला!"

नावं परत टाकायला बसले. धुळ्याच्या नावाशी आले, फोटो मोठा केला आणि गारच पडले. माझी हळदीची साडी!

बस्ता गावाकडूनच घ्यायचा म्हणून आम्ही इथून, सुरतेतल्या लिंबायतहून, खास धुळ्याला गेलो होतो. दुकानदार म्हणाला होता, "ताई, असा पीस सुरतेतही मिळणार नाही."

फोटोखाली रंगाई करणाऱ्या मिलचं नाव होतं. इथल्याच पांडेसऱ्यातली, पप्पा कामाला जातात तीच.

धुळ्याहून येताना त्या साडीची पिशवी पप्पांनी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

तुम्हीच सांगा, त्यांना सांगू का?