बेरियमचा ठिपका

९ ऑक्टोबर २०१४ रोजी मी अठरा हजार चारशे बासष्ट डॉलरचे एक बिल मंजूर केले. वस्तू: पोलादी निर्वात पात्र, एक नग. ते जोडणार होती लोरेन शिमेक, कोलोरॅडोतल्या आमच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातली जुनी तंत्रज्ञ.

अशा पात्रातली हवा जवळजवळ सगळी काढून टाकतात आणि विजेच्या जोरावर एकच भारित अणू अधांतरी धरून ठेवतात. लोरेनने जन्मभर हेच सापळे बांधले, पण त्यातला अणू फक्त कॅमेऱ्याला दिसे. हा सापळा बेरियमचा होता. त्याचा अणू अंधारात, भिंगातून, माणसाच्या डोळ्याला दिसतो. आणि लोरेनची दृष्टी मधोमध विझत चालली होती. डावा डोळा गेलाच होता. उजवा फार तर हिवाळा काढेल, असे डॉक्टर म्हणाले होते.

"यंदा बघणार म्हणजे बघणार," ती म्हणाली. "नाहीतर एवढी वर्षं मी काय भांडी घासली?"

"घासलीसच की. साबणाची बिलं आहेत माझ्याकडे."

"गप रे, हिशेबवाल्या!"

प्रत्येक सांध्यात तांब्याची नवी कडी बसते; पोलादाची धार तिच्यात रुतली की सांधा हवाबंद होतो. त्याआधी ती धार दिव्याखाली फिरवून स्वतः पाहायची, हा तिचा शिरस्ता. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. हॅलोरन म्हणाले, "लोरेन, या खेपेला मीही एक नजर टाकतो."

"तुम्ही तुमची समीकरणं बघा," ती म्हणाली. ते आपल्या खोलीत गेले.

आतला उरलासुरला ओलावा निघून जावा म्हणून पात्र चंदेरी कागदात गुंडाळून तीन आठवडे भाजले. निवल्यावर दाब उतरेना. गळती शोधायला हॅलोरननी सांध्यांवर हेलियम सोडला, तर खालच्या सांध्यापाशी मापकाचा काटा उसळला. उघडून पाहिले, धारेवर केसाएवढा ओरखडा. मलासुद्धा दिसला. लोरेनने हातमोजा काढून त्यावर नख फिरवले. उघड्या हाताने पात्राला शिवताना मी तिला प्रथमच पाहत होतो.

नवा भाग मागवला, पुन्हा भाजणे झाले, त्यात फेब्रुवारी उजाडला. अणू सापडला त्या दुपारी खोलीत काळोख करून हॅलोरननी तिला भिंगापाशी बसवले. बराच वेळ गेला.

"थोडं बाजूला बघ. कडेनं दिसेल," हॅलोरन म्हणाले.

"तेच करतेय."

"दिसला?"

"नाही हो." मग मला म्हणाली, "तू बस बघू."

मी बसलो. हिरवट निळा ठिपका होता.

"आहे," मी म्हणालो.

"हलतोय का?"

"नाही."

"मग बांधणी बरी झालीय," ती म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीवर कोट चाचपू लागली.

आम्ही जेवायला गेलो. माझे पाकीट कचेरीत राहिले होते. नोटा मला ओळखायला लावून तिनेच बिल दिले. उन्हाळ्यात ती नेब्रास्काला बहिणीकडे राहायला गेली आणि पुढच्या वर्षी वारली.

माझ्या जेवणाचे अकरा डॉलर चाळीस सेंट तिला देणे आहे.